जुळी कोकरे आणि घाटाची वाट

भातकापणी आटोपली की साताऱ्याकडील धनगरांचे वाडे घाट उतरून रायगडच्या किनारपट्टीवर येतात आणि पावसाळ्यापूर्वी परततात. शेतात मेंढ्या बसविल्याने शेतकऱ्याला खत मिळते. धनगराची मुख्य मिळकत मात्र मांसासाठी विकलेल्या कोकरांचीच. दख्खनी मेंढी बहुधा एकच कोकरू देते. म्हणून फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने १९९० च्या दशकात सुंदरबनातील जुळी देणाऱ्या गरोल मेंढीशी तिचा संकर आरंभिला. गरोल अंगाने लहान. तेव्हा पुढील पिढ्यांत पुन्हा दख्खनी रक्त वाढविले. परंतु जुळ्यांना दूध अपुरे पडले तर वाढ खुंटते. संकराइतकीच मेंढीच्या खुराकाची व कुरणांची चिंता वाहिली पाहिजे. अन्यथा दुसरे कोकरू घाट चढणार नाही.