मोडायची की गाठवायची?

सराफाच्या काउंटरवर जुना दागिना ठेवला की तो आधी काट्यावर जातो. पटवेकरी मात्र आधी त्याचा दोरा बघतो. पुण्याचा लक्ष्मी रस्ता घ्या नाहीतर कोल्हापूरची गुजरी, सराफी पेढ्यांच्या आसपास, एखाद्या जिन्याखाली किंवा पायरीशी हा माणूस बसलेला असतो. समोर रेशमाची रिळं, जर, काळी पोत, कात्री. जुन्या दागिन्यांना नवं रूप द्यायचं म्हटलं की हल्ली संगणकावर नक्षी काढून देणारी दुकानं आठवतात. या कामातला मूळ उस्ताद माझ्या मते हाच.

आपले जुने दागिने मुळात सुट्या भागांचेच. पुतळ्यांची माळ, बोरमाळ, ठुशी, साज, चिंचपेटी, सगळ्यांचा जीव दोऱ्यात. तो घामाने कुजतो, कधी ना कधी बदलावाच लागतो. त्या निमित्ताने माळ लांब व्हायची, आखूड व्हायची, एखादा पदर वाढायचा. वाटणीत तिघी बहिणींनी पुतळ्या वाटून घेतल्या की मधे पोवळी किंवा काळे मणी घालून एका माळेच्या तीन व्हायच्या, आणि आईचा दागिना मोडला असं कुणी म्हणायचं नाही. पुतळीचं मूळ तर व्हेनिसच्या सोन्याच्या नाण्यात सांगतात. म्हणजे ती गळ्यात आली तीच दुसऱ्या कामातून.

गाठवणं बघत बसावं असं असतं. जुना दोरा कापण्याआधी पटवेकरी सगळे मणी ओळीने कापडावर मांडतो. साजात तर मासा, कासव, शंख, भुंगा अशी पानं आणि त्यांच्यामधे जवमणी, त्यामुळे क्रम चुकून चालत नाही. मग नव्या दोऱ्याचं टोक खुंटीला किंवा पायाच्या अंगठ्याला अडकवून तो ताण धरतो, पीळ देतो, ओवतो. शेवटी मागे गोंडा आणि सरकती गाठ. त्या गाठीमुळे तीच ठुशी आजीच्याही गळ्याला बसते आणि नातीच्याही.

आग लागणारं काम सोनाराचं, आणि जोखीम तिथेच आहे. बोरमाळेचा मणी पातळ पत्र्याचा, आत लाख भरलेली. ती वाळून भुगा झाली की मणी दाबला जातो. त्याला डाग द्यायचा तर आधी लाख काढायची, नाहीतर ज्योत लागताच ती उकळून भोकातून बाहेर येते. नथ त्याहून नाजूक. मोत्याला आच सोसत नाही आणि आम्लात तो विरघळतो. सोनं उजळायला आम्लात बुडवायची सवय असलेल्या कारागिराने नथ तशीच बुडवली तर सोनं लखलखेल, पण मोत्यांचं पाणी जाईल. म्हणून आधी तार उलगडायची, मोती आणि खडे वेगळे काढायचे, मग डाग, मग पुन्हा ओवणं. पर्शियन आखातातून आलेल्या जुन्या बसरा मोत्यांची भोकं फार बारीक. त्यासाठी तार ओढून पातळ करावी लागते. तार तशीच ठेवून भोकच मोठं करू म्हणणारा भेटला, तर नथ उचलून निघावं.

अंबाडेच उरले नाहीत, त्यामुळे मूद, राखडी, केवडा ही सगळी सोनेरी फुलं कपाटात पडून असतात. मागे दोन कड्या लावल्या की त्यांचं देखणं पदक होतं. वरचा कान टोचलेला नसेल तर बुगडीचं मळसूत्र काढून चाप बसवून देतात. नथीलाही तेच. तन्मणीचं खोड साध्या साखळीतही शोभतं. चिंचपेटीचं ब्रेसलेट मात्र मला पटत नाही. मनगट दिवसभर टेबलावर घासतं आणि मोती म्हणजे काही हिरा नव्हे.

सगळंच जपावं असं नाही. झिजलेल्या पाटल्या, तुटक्या साखळ्या खुशाल आटवाव्यात. पण घट येते ती समजून घ्यावी. पूर्वी सांधे जोडायला तांबं-चांदी मिसळलेलं हलकं सोनं वापरत. ज्या दागिन्यात सांधे जास्त, त्याचा कस आटवल्यावर उतरतो. त्यातून १९६३च्या सुवर्ण नियंत्रणात १४ कॅरेटहून शुद्ध दागिने घडवायला बंदी होती, ती १९६६मध्ये उठली. त्या काळातलं लग्नाचं सोनं बावीसचं समजून नेलं तर चेहरा पडतो. दुकानातलं कॅरेट मोजायचं यंत्रही वरवरचंच सांगतं, आतलं खरं मुशीत कळतं. आणि ती मूस सांभाळणारा बऱ्याचदा आपलाच माणूस असतो. सांगली जिल्ह्यातल्या खानापूर-आटपाडी भागातले गलाईवाले पिढ्यान्‌पिढ्या देशभर हाच धंदा करतात. परराज्यातल्या गल्लीत जुनं सोनं आटवायला गेलात तर समोरचा विट्याकडचा निघू शकतो.

मोड देताना हातात येतो फक्त धातूचा भाव. मूळ घडणावळ गेलेलीच असते, नव्या दागिन्याची पुन्हा द्यावी लागते. गाठवण्याची मजुरी त्यापुढे किरकोळ. माळ देण्याआधी मणी मोजावेत, फोटो काढावा, वजन दोऱ्यासकट आणि दोऱ्याशिवाय लिहून घ्यावं. भला पटवेकरी याचा राग मानत नाही, उलट तोच आधी मोजायला बसवतो.