बेताल नाडीचा मागोवा : खटकचिंचोळी आणि बिदर-कलबुर्गी सीमाभाग

अलिंद-कंपन, म्हणजे एट्रियल फिब्रिलेशन, हा हृदयाच्या लयीचा विकार आहे. यात हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांत, अलिंदांत, मिनिटाला साडेतीनशे ते सहाशे विद्युत-संदेश उसळतात. कप्पे नीट आकुंचन न पावता नुसते थरथरतात. यांतले थोडेच संदेश खालच्या निलयांपर्यंत जातात आणि तेही अनियमितपणे, त्यामुळे नाडी जलद व बेताल लागते. थरथरत्या डाव्या अलिंदाच्या कोपऱ्यात रक्त साकळते. तिथली गुठळी सुटून मेंदूत अडकली की लकवा मारतो.

बिदर जिल्ह्याच्या भालकी तालुक्यातील खटकचिंचोळीसारख्या गावांत या एका नावाखाली दोन आजार आढळतात. एक तरुणपणीचा, झडप खराब झाल्याने येणारा. दुसरा उतारवयाचा, रक्तदाब, मधुमेह आणि थकलेल्या हृदयातून येणारा. नाडी दोन्हींत सारखीच लागते, उपचार मात्र सारखे नाहीत.

पहिल्याची सुरुवात घशात होते. पाच ते पंधरा वर्षांच्या मुलाचा घसा स्ट्रेप्टोकोकस जंतूने सुजतो. दोन-तीन आठवड्यांनी ताप येतो, गुडघे-घोटे आळीपाळीने धरतात आणि आठवडाभरात उतरतात. घरचे ते विसरून जातात. पण वारंवार आलेल्या या संधिवाती तापाने डाव्या बाजूची मायट्रल झडप जाड होऊन चिकटते, तिचे तोंड अरुंद होते. मागे तुंबलेल्या रक्ताने अलिंद फुगते आणि फुगलेले अलिंद कधीतरी ताल सोडते. दाटीची घरे आणि दवाखान्याचे अंतर या आजाराला पोसतात. अनेक बायकांमध्ये तो प्रथम गरोदरपणात उघड होतो, कारण त्या काळात अंगातले रक्त जवळपास निम्म्याने वाढते आणि अरुंद झडपेला ते पेलवत नाही. जिना चढताना लागणारी धाप ‘दिवस गेलेत म्हणून’ समजली जाते.

बेताल नाडीचे मूळ अलिंदांच्या थरथरीत आहे, हे १९०९ मध्ये लंडनच्या थॉमस लुइस यांनी हृदयालेखाच्या आधारे दाखवले. मात्र हा आलेख काढण्याचे यंत्र खेड्यापाड्यांत पोहोचायला अनेक दशके गेली. तोवर निदान हाताने आणि कानाने होत असे. एक जण छातीवर नळी ठेवून ठोके मोजी, दुसरा त्याच मिनिटाला मनगटावर नाडी. छातीत १३० आणि मनगटावर ९६ असा फरक आला की अर्थ लागे : काही ठोके इतके उथळ पडत होते की त्यांची लाट हातापर्यंत येतच नव्हती. ही पद्धत आजही बिनखर्चाची आणि उपयोगाची आहे.

१९४८ पर्यंत बिदर निजामाच्या राज्यात होते, तेव्हा मोठा दवाखाना म्हणजे हैदराबाद. विकाराबाद-परळी लोहमार्गावरच्या भालकीहून तिकडे गाडी जाई. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत जुना बिदर जिल्हा तीन राज्यांत वाटला गेला. भालकी, औराद, हुमनाबाद म्हैसूरकडे (आजच्या कर्नाटकाकडे) आले, उदगीर-निलंगा मराठी मुलखात गेले, जहिराबाद आंध्रात. रुग्णांच्या वाटा मात्र बदलल्या नाहीत. हैदराबाद, सोलापूर, लातूर या दिशा कायम राहिल्या. १९६३ मध्ये गुलबर्ग्यात (आजच्या कलबुर्गीत) महादेवप्पा रामपुरे वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले आणि चौथी दिशा उघडली.

त्या काळातले मुख्य औषध डिजॉक्सिन. नाडीचा वेग ते आवरते, पण मात्रा थोडी वाढली तरी मळमळ येते, डोळ्यांपुढे पिवळे दिसते आणि लय आणखी बिघडते. म्हणून भारतात ‘आठवड्यातून पाच दिवस गोळी, शनिवार-रविवार सुट्टी’ असा रिवाज पडला. अक्षरओळख नसलेल्या रुग्णाच्याही तो लक्षात राहतो.

झडपेवरचे उपचार १९५० च्या दशकात आले. छाती उघडून, पण हृदय चालू ठेवून, बोटाने किंवा हत्याराने चिकटलेली झडप मोकळी करणारी शस्त्रक्रिया वेल्लोर आणि मुंबईत होऊ लागली. १९८० च्या दशकात जपानच्या कांजी इनोउए यांच्या फुग्याने मांडीच्या शिरेतून तेच काम साधले. रुग्ण एक-दोन दिवसांत घरी जाऊ लागला. ‘बलून केला’ हा शब्दप्रयोग तेव्हापासून रूढ झाला. ज्यांची झडप बदलावीच लागे त्यांच्यासाठी तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेची स्वदेशी झडप १९९० मध्ये प्रथम बसवली गेली. खर्च उतरला, पण कृत्रिम धातूची झडप म्हणजे जन्मभर रक्त पातळ करायची गोळी.

ही गोळी, वॉरफेरिन किंवा भारतात अधिक चालणारी ॲसिट्रोम, या सगळ्या इतिहासातला कळीचा आणि अवघड भाग आहे. साध्या अलिंद-कंपनात लकव्याचा धोका सुमारे पाचपट, तर संधिवाती झडपेसह तो सुमारे सतरापट होतो, असे अमेरिकेतील फ्रेमिंगहॅम अभ्यासाने १९७८ मध्ये मांडले. गोळी हा धोका बराच उतरवते. त्यासाठी रक्त गोठण्याचा आयएनआर हा आकडा साधारण दोन ते तीनमध्ये राखावा लागतो. कमी झाला तर गुठळी, जास्त झाला तर रक्तस्राव. मेथी, शेपू, पालक यांतल्या ‘के’ जीवनसत्त्वाने गोळीचा जोर उतरतो. श्रावणात रोज पालेभाजी आणि एरवी महिनोन्‌महिने तुरीचे वरण, असे झाले की आकडा हलतो. भाजी सोडायची नसते, तिचे प्रमाण सारखे ठेवायचे असते. दुखण्यावर परस्पर घेतलेली गोळी आणखी घातक. आयएनआरची तपासणी महिन्याच्या महिन्याला होणे आवश्यक असते, आणि नेमकी तीच मजुरी बुडते म्हणून राहून जाते. गरोदरपणाच्या पहिल्या तिमाहीत वॉरफेरिन बाळाला अपाय करू शकते, त्यामुळे तरुण स्त्रियांची गोळी डॉक्टरांच्या सल्ल्याने वेळेत बदलावी लागते.

भारतीय रुग्ण पाश्चात्त्य रुग्णासारखा नाही, हे मुंबई आणि इतर केंद्रांतल्या कामाने स्पष्ट केले. संधिवाती झडपेच्या १४४ रुग्णांवर केलेला, वेग आवरणे आणि लय परत आणणे यांची तुलना करणारा मुंबईचा अभ्यास २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. लय टिकलेल्यांची स्थिती त्यात अधिक चांगली आढळली. पुढे भारतभरच्या दीड हजारांहून अधिक रुग्णांच्या नोंदवहीत सरासरी वय पंचावन्नच्या आसपास निघाले आणि जवळपास निम्म्यांना झडपेचा आजार होता. युरोप-अमेरिकेत हा विकार प्रामुख्याने सत्तरीपुढचा.

सोयी गेल्या दोन दशकांत जवळ आल्या. बिदरची वैद्यकीय विज्ञान संस्था २००७ ची. २०१० मध्ये वाजपेयी आरोग्यश्री योजना गुलबर्गा विभागातच प्रथम सुरू झाली आणि दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबांना हृदयशस्त्रक्रिया परवडू लागली. बेंगळुरूच्या जयदेव हृदयरोग संस्थेची शाखा कलबुर्गीत आली, २०१७ मध्ये बिदर-कलबुर्गी रेल्वे धावली. २०२३ मध्ये महाराष्ट्राने महात्मा फुले आरोग्य योजना सीमेवरच्या, कर्नाटकातल्या ८६५ गावांना देण्याचे ठरवले आणि कर्नाटकाने त्याला हरकत घेतली. कर्नाटकाच्या त्याच वर्षीच्या पुनीत राजकुमार हृदय ज्योती योजनेचा रोख हृदयविकाराच्या झटक्यावर असला, तरी तालुक्याहून तज्ज्ञांकडे जाणाऱ्या आलेखात बेताल लयही दिसते.

दुसरा, उतारवयाचा आजार आता वाढतो आहे. त्यासाठी २०१० पासून डॅबिगॅट्रान आणि मागोमाग रिव्हरॉक्साबान, एपिक्साबान आली. त्यांना आयएनआरची तपासणी लागत नाही. ती झडपेच्या रुग्णांनाही चालतील, ही आशा २०२२ च्या इन्व्हिक्टस अभ्यासाने मोडली. साडेचार हजारांवर संधिवाती रुग्णांत जुन्या गोळ्यांनीच जास्त जीव वाचवले. मायट्रल झडप बऱ्यापैकी अरुंद असेल किंवा धातूची झडप बसवलेली असेल, तर आजही जुनीच गोळी आणि तिची तपासणी.

मुळावरचा उपाय याहून जुना आणि स्वस्त आहे. एकदा संधिवाती ताप आलेल्या मुलाला दर एकवीस दिवसांनी बेंझाथिन पेनिसिलिनचे, मोठ्यांना बारा लाख युनिटचे, इंजेक्शन वर्षानुवर्षे द्यायचे. सुई दुखते आणि रिअॅक्शनच्या भीतीने छोटे दवाखाने ती टाळतात. चाचणी करून ती गावच्या आरोग्य केंद्रात देता येते. तिथेच मोठ्यांचा रक्तदाब पाहताना मिनिटभर नाडीही धरली, तर दोन्ही आजार लकव्याच्या आधी सापडतात.