शॉवर म्हणजे हलका पाऊस नव्हे

ब्रिटनच्या हवामान अंदाजात 'रेन' आणि 'शॉवर्स' वेगवेगळे सांगतात. शॉवर म्हणजे हलका पाऊस, असा आपल्याकडे सर्रास समज आहे. फरक जोराचा नाही, ढगांचा आहे. उंच वाढणाऱ्या, सुट्या ढगांतली सर एकाएकी येते, एकाएकी थांबते आणि पलीकडच्या गल्लीला कोरडं ठेवते. ती शॉवर, मग भले झोडपून काढणारी असो. आभाळभर पसरलेल्या ढगांच्या थरातून तासन्‌तास पडत राहतो, तो रेन. म्हणजे अंदाजात शॉवर्स असतील, तर छत्री घ्यावी. उघडावी लागेलच असं नाही. श्रावणातली ऊनपावसाची सर या हिशेबाने शॉवरच.

ड्रिझल मात्र थेंबावर ठरतं. थेंब ०.५ मिलिमीटरहून बारीक आणि दाट पडायला हवेत. टपोरे पण तुरळक थेंब म्हणजे ड्रिझल नव्हे. मिस्ट आणि फॉग यांच्यातली रेघ विमानवाहतुकीच्या सोयीची आहे: १००० मीटरपलीकडचं दिसेनासं झालं की फॉग.

खरी गफलत आपल्या 'दमट'मुळे होते, कारण ह्यूमिड, डॅम्प आणि मॉइस्ट या तिन्हींसाठी आपण तो एकच शब्द वापरतो. ह्यूमिड ही हवा, बहुधा उकाड्याची. मुंबईतल्या मे महिन्याची. डॅम्प म्हणजे नकोसा, गार ओलावा: ओल धरलेली भिंत, अर्धवट वाळलेले कपडे. मॉइस्ट हा शब्द हवामानशास्त्रज्ञ हवेलाही लावतात, पण रोजच्या बोलण्यात तो केकसाठी आणि कुंडीतल्या मातीसाठी राखून ठेवावा.