गाण्याचा सराव, मनाला आवर

तायांनो, हप्ता थकला, घरात वाद झाला, लेकरू तापानं फणफणलं, की छाती धडधडते आणि तोंडून नको तो शब्द जातो. असं का होतं? मेंदूत बदामाएवढा एक भाग आहे. धोका वाटला की आधी तोच जागा होतो. कपाळामागचा भाग विचार करून त्याला आवरतो. पण ताण फार झाला, की हे आवरणं कमी पडतं.

इथं गाणं कामाला येतं. ओळ संपेपर्यंत श्वास पुरवायचा, म्हणून तो सावकाश सोडावा लागतो. सावकाश सोडलेल्या श्वासानं काळजाचे ठोके शांत होतात. शिवाय ताल धरायचा, शेजारणीचा सूर ऐकायचा, आपला आवाज फार चढला तर खाली आणायचा. म्हणजे स्वतःला आवरण्याचाच हा सराव. भाकरी थापता थापता हात बसतो, तसंच मेंदूलाही सरावानं वळण लागतं.

आपल्या आज्यांनी जात्यावर सासुरवास आणि माहेरची ओढ ओवीत मांडली. मनातलं दुःख शब्दांत आलं, की त्याचा भार थोडा उतरतो. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी सहकाऱ्यांसह अशा एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या.

बाळंतपणानंतर मन खचलेल्या १३४ आयांवर इंग्लंडात झालेला एक अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. त्यातल्या काही जणी १० आठवडे बाळांना घेऊन एकत्र गायल्या. ज्यांचा त्रास जास्त होता, त्यांना नेहमीचेच उपचार घेणाऱ्यांपेक्षा लवकर उतार पडला.

मग आपल्या गटात काय करता येईल? बैठकीत वसुलीला बसण्याआधी दहा मिनिटं गा. एकच ओवी किंवा भजन महिनाभर धरा. येणारीनं न येणारीला शिकवावं. आवाज गोड नसला तरी चालतो, लाजू नका. घरीही रोज पाच मिनिटं म्हणा.

एक मात्र ध्यानात ठेवा. दोन आठवडे झोप नाही, कशातच मन लागत नाही, जीव नकोसा वाटतो, असं असेल तर नुसत्या गाण्यावर भागवू नका. आशाताईंना सांगा, दवाखान्यात जा, किंवा १४४१६ या टेली-मानसच्या मोफत नंबरवर बोला. आणि गटातली एखादी ताई अचानक गप्प झाली असेल, तर तिच्या घरी जाऊन विचारपूस करा.