आधी जागा ठरवा, मग यंत्र

लोणारला सरोवर बघायला आलेला पर्यटक मुक्कामी राहिला, की खोलीची चावी आणि वायफायचा पासवर्ड एकदमच मागतो. लॉज असो, सेवा केंद्र असो की कॉलेजची लॅब, एका फायबर जोडणीवर दहा-वीस संगणक आणि मोबाईल सहज असतात. संध्याकाळी नेट रांगायला लागलं की मालक फायबरवाल्याला फोन लावतो. तो ‘लाइन ओके आहे’ म्हणतो, आणि नेट नेमकं खातंय कोण हा प्रश्न तसाच राहतो. मग कुणीतरी सुचवतं, ‘एक मॉनिटरिंगचं मशीन बसवून टाका.’ गैरसमज सुरू होतात ते इथून.

पहिला समज असा, की कुठलाही लॅपटॉप नेटवर्कला जोडून त्यात वायरशार्क टाकलं की सगळी वाहतूक दिसते. १९९८ साली इथेरिअल या नावाने हे सॉफ्टवेअर आलं तेव्हा ते बऱ्याच ठिकाणी खरंही होतं. तेव्हा हब वापरात होते, आणि हबचं काम दवंडीसारखं: एका तारेतून आलेलं सगळ्या तारांवर पुकारायचं. आजचा स्विच तसं करत नाही. कोणतं यंत्र कोणत्या पोर्टवर आहे हे तो लक्षात ठेवतो आणि ज्याचं त्यालाच देतो. त्यामुळे कोपऱ्यातल्या लॅपटॉपला स्वतःची आणि सगळ्यांसाठी असलेली थोडीफार वाहतूक सोडून काहीच दिसत नाही.

यावर उपाय म्हणजे पोर्ट मिररिंगची सोय असलेला स्विच. एका पोर्टवरून जे जातं-येतं त्याची प्रत तो दुसऱ्या पोर्टवर देतो. सातशे-आठशे रुपयांच्या साध्या स्विचमध्ये ही सोय नसते. टीपी-लिंकच्या टीएल-एसजी१०५ई किंवा टीएल-एसजी१०८ई यांसारख्या छोट्या ‘स्मार्ट’ स्विचमध्ये असते. खोक्यावर ‘गिगाबिट’ मोठ्या अक्षरात छापलेलं असतं, मिररिंगचा उल्लेख मात्र माहितीपत्रकात शोधावा लागतो. तो सापडल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

आणि तरीही, नेमका स्विच आणूनही, अनेकांच्या पडद्यावर मोबाईल दिसतच नाहीत. कारण फायबरवाल्याने भिंतीवर बसवलेल्या डब्यातच वायफाय असतं. पाहुण्याचा मोबाईल त्या डब्याशी बोलतो, डबा फायबरशी; मधे स्विच येतच नाही. मग त्या स्विचवर कितीही भारी यंत्र लावा, त्याला काउंटरवरचा संगणक आणि प्रिंटर एवढेच दिसणार. डब्यातलं वायफाय बंद करावं, डब्यापासून एकच तार स्विचपर्यंत आणावी आणि वायफायसाठी वेगळा ॲक्सेस पॉइंट स्विचला जोडावा. हा ॲक्सेस पॉइंट राऊटर म्हणून नव्हे, ॲक्सेस पॉइंट म्हणूनच चालवायचा. नाहीतर त्याच्यामागचे सगळे मोबाईल एकाच पत्त्याने दिसतात आणि कोण काय खातंय ते पुन्हा झाकलं जातं. मिररिंग करायचं ते डब्याकडून आलेल्या तारेच्या पोर्टचं. या कामातली निम्म्याहून जास्त हुशारी या एका तारेच्या जागेत आहे, यंत्राच्या किमतीत नाही.

यंत्राबाबतही उगाच धास्ती असते. सर्व्हर लागतो, महागडा फायरवॉल लागतो, असं सांगणारे बरेच भेटतात. हिशोब करून बघावा. लाइन १०० एमबीपीएसची असेल तर जाणारी-येणारी मिळून फार तर २०० एमबीपीएस होतात. २०१९ साली आलेल्या रास्पबेरी पाय ४ या छोट्या संगणकाला खरा गिगाबिट पोर्ट आहे; एवढी वाहतूक मोजून तिचा गोषवारा काढणं त्याला झेपतं. आधीच्या ३ बी प्लसवरही ‘गिगाबिट’ लिहिलेलं असतं, पण त्याचा पोर्ट आतून यूएसबी २ वर चालतो आणि तीनशेच्या आसपास थांबतो. पायचा तारेचा पोर्ट मिररला द्यावा आणि आकडे बघण्यासाठी त्याचंच वायफाय वापरावं. फक्त नोंदी मेमरी कार्डावर लिहू नयेत. सतत लिहून कार्ड लवकर मरतं, छोटा एसएसडी टिकतो.

घरात पडलेला जुना डेस्कटॉप फुकटात पडतो, हाही अर्धाच हिशोब. ६० वॅटचा संगणक महिनाभर अखंड चालला की ४३ युनिट जळतात. ५ वॅटच्या पायला साडेतीन-पावणेचार. मात्र सुरिकाटासारखं धोका ओळखणारं सॉफ्टवेअर चालवायचं असेल तर डेस्कटॉपचा दणकट प्रोसेसर आणि रॅम कामी येतात. मिररवर बसलेलं यंत्र बंद पडलं तरी नेट चालू राहतं. फायरवॉल थेट तारेच्या मधे बसतो, त्याची वीज गेली की गावाला दिवे असूनही लॉजचं नेट जातं. त्याला यूपीएस हवाच.

‘सगळं रेकॉर्ड करून ठेवू’ हा उत्साह गणित मांडलं की ओसरतो. १०० एमबीपीएसची लाइन एका दिशेने भरून वाहिली तर तासाला ४५ जीबी होतात. म्हणून प्रत्येक पॅकेट साठवू नये. कोणी, कुठे, किती वेळ, किती डेटा एवढीच नोंद ठेवावी. सिस्कोच्या नेटफ्लो या नोंद-पद्धतीच्या पाचव्या आवृत्तीत अशी एक नोंद ४८ बाइटची असते. एनटॉपएनजीसारखी साधनं याच पद्धतीने काम करतात.

या यंत्रातून पाहुण्यांचे मेसेज वाचता येतात, ही भीती काहींना असते आणि काहींना छुपी हौस. दोन्ही व्यर्थ. व्हॉट्सॲप, बँक, बहुतेक संकेतस्थळं यांचा मजकूर कुलूपबंद जातो. दिसतं ते बहुतेकदा संकेतस्थळाचं नाव आणि डेटाचं प्रमाण. तरी तीही माणसाचीच माहिती आहे. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदा २०२३ साली झाला आहे. वायफायवर नोंद ठेवली जाते, हे काउंटरवर लिहून लावलेलं बरं.

नोंद कशाला, असं म्हणणाऱ्यांसाठी सानपाड्याचं उदाहरण आहे. २६ जुलै २००८ रोजी अहमदाबादच्या स्फोटांआधी काही मिनिटं धमकीचा ईमेल गेला, तो नवी मुंबईतल्या एका घराच्या उघड्या वायफायवरून. ज्याची जोडणी, त्याची चौकशी झाली. फेब्रुवारी २००९ मध्ये दूरसंचार विभागाने वायफाय सुरक्षित ठेवण्याच्या आणि सार्वजनिक ठिकाणी वापरणाऱ्याची ओळख पटवण्याच्या सूचना काढल्या. पुढे सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांत सेवा पुरवठादार, कंपन्या आणि सरकारी संस्थांना १८० दिवसांच्या नोंदी ठेवायला सांगितलं गेलं. घरगुती राऊटरचं पोट लहान. बंद करून चालू केला की त्यातल्या जुन्या नोंदी बहुधा पुसल्या जातात. लॉजवाल्याला एवढ्यासाठीच छोटा एसएसडी उपयोगी पडतो.

तेव्हा खरेदीला निघण्याआधी एका कागदावर फायबरचा डबा, स्विच, वायफाय आणि त्यांच्यामधल्या तारा काढाव्यात, आणि सगळी वाहतूक कोणत्या एका तारेतून जाते तिच्यावर खूण करावी. अशी तार सापडत नसेल तर आधी जोडणी बदलावी. यंत्र नंतर घ्यावं.