पास्क्विल यांच्या तक्त्यातली कोरी चौकट

चिमणीतून निघालेला धूर दोन किलोमीटरवरच्या वस्तीत किती उतरेल, हे चिमणीइतकंच त्या घडीच्या हवेवर अवलंबून असतं. ती हवा ओळखण्याची सर्वांत सोपी रीत दिली फ्रँक पास्क्विल (१९१४–१९९४) या ब्रिटिश सरकारी शास्त्रज्ञाने. पोर्टनचं रासायनिक संरक्षण केंद्र, हारवेलची अणुसंशोधन संस्था आणि हवामान खातं इथे त्यांनी काम केलं. विषारी वायू असो की किरणोत्सर्गी धूळ, प्रश्न तोच: वाऱ्यावर सुटलेलं जाईल कुठे आणि विरळ किती होईल?

हवेतली खळबळ मोजायला नाजूक उपकरणं लागतात. संकटाच्या वेळी ती हाताशी असतीलच असं नाही. म्हणून १९६१ मध्ये पास्क्विल यांनी एक तक्ता मांडला. दहा मीटर उंचीवरचा वारा, दिवसा ऊन किती, रात्री ढग किती, एवढ्या साध्या नोंदींवरून हवेला ए ते एफ यांपैकी एक अक्षर द्यायचं. कडक ऊन आणि सेकंदाला दोन मीटरहून मंद वारा असेल तर ए. तापलेली जमीन वरची हवा घुसळून काढते आणि धूर भराभर फाकतो. निरभ्र रात्री वारा दोन ते तीन मीटर असेल तर एफ. जमिनीलगतची हवा गार, जड होऊन बसते आणि खाली सुटलेला वायू फारसा विरळ न होता लांबवर सरकत जातो. डिसेंबर १९८४ मधली भोपाळची गळती अशाच थंड रात्री झाली.

या तक्त्यात मला सर्वांत मोलाची वाटते ती एक कोरी चौकट. निरभ्र रात्री वारा दोन मीटरहूनही मंद असेल, तर पास्क्विल यांनी अक्षरच दिलं नाही. धुराला ठरावीक दिशाच उरत नसेल तर अंदाज कशावर बांधणार? शास्त्रज्ञाचा हा प्रामाणिकपणा दुर्मीळ आहे. पुढे इतरांनी तिथे जी हे अक्षर बसवलं. अमेरिकेने २००५ मध्ये धुराच्या पसरण्याचा अंदाज देणारं ‘एरमॉड’ हे नवं प्रारूप नियमांत आणलं. त्यात अक्षरांऐवजी हवेची स्थिती सलग आकड्यांत मोजतात.

विदर्भातल्या हिवाळ्यात मात्र त्या कोऱ्या चौकटीतल्या, पडलेल्या वाऱ्याच्या रात्री नेहमीच्याच. तुमच्या भागात नव्या कारखान्याची जनसुनावणी असेल, तर पर्यावरण अहवालातलं हवेचं प्रकरण उघडा आणि त्या रात्रींचे तास हिशेबात कसे धरले, हे लेखी विचारा.