तारापूरच्या खाऱ्या हवेत बागेच्या कुंपणाला कोणता रंग द्यावा? ‘गंज दिसत नाही’ म्हणून चॉकलेटी घेणं महागात का पडतं?

दिवाळी जवळ आली की बोईसर-तारापूरच्या हार्डवेअर दुकानांत शेड कार्डं उघडली जातात. घराच्या आतले रंग ठरवायला आठवडा लागतो. कंपाउंडच्या ग्रिलचा रंग मात्र रंगारी दारात उभा असताना दोन मिनिटांत ठरतो. उत्तरंही ठरलेलीच असतात. एक तर पांढरा, कारण ‘उठून दिसतो’. नाहीतर चॉकलेटी, कारण ‘गंज दिसत नाही’.

रो-हाउससमोरच्या दहा बाय पंधरा फुटांच्या बागेसाठी ही दोन्ही उत्तरं चुकतात. पांढऱ्याने फक्त बाग बिघडते. चॉकलेटीने कुंपणच जातं.

तारापूरची हवा लोखंडाला काय करते?

एका बाजूला अरबी समुद्र आणि दुसऱ्या बाजूला रसायन, औषधं, कापड आणि पोलादाचे कारखाने असलेली तारापूर एमआयडीसी. यांच्यामधल्या पट्ट्यात लोखंडावर दोन्हीकडून मारा होतो.

समुद्राकडून येणाऱ्या वाऱ्यात मिठाचे अतिसूक्ष्म कण असतात. ते ग्रिलवर बसतात. हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून घेतं आणि लोखंडावर न दिसणारी ओली साय तयार होते. पावसाळ्यात ही पातळी रोजच ओलांडली जाते. इतर महिन्यांतही किनाऱ्यावर रात्री आणि पहाटे तीच गत असते. म्हणजे पाऊस नसतानाही कुंपण ओलंच असतं. त्यात कोळसा किंवा फर्नेस ऑइल जळून निघणारा सल्फर डायऑक्साइड मिसळला की ही साय आम्लयुक्त होते.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१८ मध्ये देशातल्या औद्योगिक पट्ट्यांचं मूल्यांकन केलं, तेव्हा हवा, पाणी आणि जमीन मिळून तारापूरचा निर्देशांक ९३.६९ आला होता. देशात सर्वांत वाईट. हा आकडा लोखंडाच्या गंजाचा नाही, पण हवेत काय काय असू शकतं याचा अंदाज त्यावरून येतो. गंजाचं वातावरण मोजायला आयएसओची वेगळी श्रेणी आहे. ती सी-१ पासून सुरू होते, आणि समुद्र व कारखाने एकत्र असलेला भाग साधारण सी-५ मध्ये, म्हणजे ‘अतितीव्र’ गटात धरला जातो. अशा ठिकाणच्या पोलादी बांधकामाला दीर्घकाळ टिकण्यासाठी रंगाचा एकूण थर २०० मायक्रॉनच्या वर ठेवतात. घरगुती ऑइलपेंटच्या एका हाताचा सुकलेला थर असतो जेमतेम २५ ते ४० मायक्रॉन. दोन हात मारून रंगारी गेला तरी फार काही झालेलं नसतं.

थोडक्यात, इथे गंज येणारच. तो कधी लक्षात येतो, एवढाच प्रश्न आहे.

गंज दिसला पाहिजे!

गंजाचा रंग नारिंगी-तपकिरी. चॉकलेटी किंवा गेरूसारख्या रंगावर तो मिसळून जातो. वेल्डिंगच्या सांध्यावर, ग्रिलच्या खालच्या पट्टीवर किंवा जमिनीत गाडलेल्या अँगलच्या बुंध्याशी पहिला ठिपका उमटतो तेव्हा तो कुणाच्याच नजरेत येत नाही. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो, त्यामुळे वरचा रंग फुगतो, त्याला चीर पडते, आणि चिरेतून मिठाचं पाणी आत शिरतं. पोपडा हातात येईपर्यंत पट्टी निम्मी खाल्लेली असते. मग काम रंगाऱ्याचं राहत नाही, फॅब्रिकेटरचं होतं.

राखाडी किंवा गडद हिरव्या कुंपणावर हाच ठिपका दहा फुटांवरून दिसतो. तेवढ्याच जागेवर पॉलिश पेपर घासायचा, प्रायमरचं बोट लावायचं आणि वरून रंग. अर्ध्या तासाचं काम.

प्रायमरलाही हाच नियम लागू होतो. रेड ऑक्साइड प्रायमर सगळीकडे मिळतो आणि स्वस्त असतो, पण त्याचा रंग गंजासारखाच. वरचा थर खरचटला की खालून दिसतंय ते प्रायमर की गंज, हे कळत नाही. राखाडी झिंक फॉस्फेट प्रायमर घेतला तर हा घोळ होत नाही. (पिवळा झिंक क्रोमेट प्रायमर टाळलेला बरा. त्यातलं क्रोमियम कर्करोगकारक आहे आणि घासताना त्याची धूळ नाकात जाते.) आणखी एक युक्ती मोठ्या कामांवर वापरली जाते. प्रत्येक हाताची छटा किंचित वेगळी ठेवायची, म्हणजे कुठे ब्रश फिरायचा राहिला ते लगेच दिसतं.

मग पांढरा का नको?

पांढऱ्यावर गंज सर्वांत आधी दिसतो, हे खरं. पण बाग छोटी असताना तो दुसरीच अडचण करतो. स्वच्छ पांढरा रंग पडलेल्या प्रकाशापैकी ८० टक्क्यांहून अधिक प्रकाश परत फेकतो. नजर आधी सर्वांत उजळ वस्तूकडे जाते, त्यामुळे जास्वंद किंवा कर्दळ दिसण्याआधी कुंपण दिसतं, आणि कुंपण दिसलं की जागा कुठे संपते तेही दिसतं. बाग आहे त्याहून लहान वाटते. दुपारच्या उन्हात डोळे दिपतात ते वेगळंच. शिवाय पावसाळ्यानंतर पांढऱ्या ग्रिलवर शेवाळाचे आणि काजळीचे ओघळ उतरतात.

गडद रंगाचं उलट होतं. तो मागे सरतो, कुंपण सावलीत मिसळतं आणि पुढची पानं-फुलं उजळ दिसतात. अठराव्या शतकाच्या शेवटी इंग्लंडमध्ये बागेच्या कठड्यांसाठी वापरल्या जाणाऱ्या काळपट हिरव्याला ‘इनव्हिजिबल ग्रीन’, म्हणजे अदृश्य हिरवा, असंच नाव पडलं होतं.

गडद पार्श्वभूमीची ताकद समजायला इतकं लांब जायची गरजही नाही. याच पालघर जिल्ह्यातल्या वारली घरांत गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चित्रं काढतात. साध्या पांढऱ्या रेषा ठसठशीत दिसतात त्या मागच्या काळपट लाल रंगामुळे. मोगरा, अनंत, तगर ही पांढरी फुलं पांढऱ्या ग्रिलसमोर हरवतात आणि गडद कुंपणासमोर संध्याकाळीही दिसतात. गेरूचा रंग बागेत छानच दिसतो, फक्त तो मातीच्या किंवा सिमेंटच्या भिंतीवर द्यावा. लोखंडावर नको.

हिरवा, पण कोणता?

इथे बहुतेकांची फसगत होते. ‘बागेचं कुंपण म्हणजे हिरवं’ म्हणून पोपटी किंवा चमकदार हिरवा निवडला जातो. खऱ्या पानांचा हिरवा थोडा पिवळसर आणि मळकट असतो. शेजारी डब्यातला भडक हिरवा आला की पानं निस्तेज, जणू खत कमी पडल्यासारखी दिसतात. शेजारचा रंग डोळ्यांना दिसणारा रंग बदलतो, हे फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ शेव्ह्रल यांनी १८३९ च्या ग्रंथात सविस्तर मांडलं होतं. गालिचे विणणाऱ्या गोबेलँ कारखान्यात, काळे धागे फिके का दिसतात या तक्रारीचा शोध घेताना त्यांना ते लक्षात आलं.

म्हणून हिरवा घ्यायचा तर पानांपेक्षा बराच गडद घ्यावा. दुकानात ‘बॉटल ग्रीन’ मागितला तरी चालतो. भारतीय मानक ‘आयएस ५’ च्या रंगयादीतला ‘डीप ब्रन्सविक ग्रीन’ हाही याच जातीचा. दुसरा चांगला पर्याय गडद राखाडी. त्यावर लाल-पिवळी फुलं फार सुरेख उठतात आणि धूळही कमी दिसते.

काळा मात्र पश्चिमेचं ऊन थेट येत असेल तर टाळावा. लोखंड इतकं तापतं की कृष्णकमळाचे कोवळे तंतू करपतात. आणि बाग दोन घरांच्या मधल्या सावलीच्या बोळात असेल, तर गडद रंगाचा सगळा हिशेबच उलटतो. तिथे बदामी किंवा फिकट राखाडीच हवा, नाहीतर दिवसाही काळोख वाटेल.

सिल्व्हर पेंटचं काय? त्यातले ॲल्युमिनियमचे पातळ कण एकावर एक बसतात आणि ओलावा अडवतात, म्हणून तो टिकायला चांगला. छोट्या बागेत चकाकतो, एवढीच तक्रार.

फॅक्टरीतला उरलेला डबा नको

औद्योगिक गावात इंडस्ट्रियल पेंटचा अर्धा डबा कुणाकडून तरी मिळतोच. तो कुंपणाला मारण्याआधी एक गोष्ट माहीत हवी. भारतात १ नोव्हेंबर २०१७ पासून घरगुती आणि सजावटीच्या रंगांत शिशाचं प्रमाण ९० पीपीएमपेक्षा जास्त असायला मनाई आहे. औद्योगिक रंग या नियमात येत नाहीत. भडक पिवळ्या, नारिंगी आणि काही हिरव्या छटांत लेड क्रोमेट हे शिशाचं रंगद्रव्य वापरलं जात आलं आहे. पोपडे तुळशीच्या कुंडीत, कोथिंबिरीच्या वाफ्यात पडतात, आणि लहान मुलं मातीत खेळतात. शिशाने मुलांच्या मेंदूच्या वाढीवर परिणाम होतो आणि त्याची कुठलीही पातळी सुरक्षित मानली जात नाही. जुना, कधी दिला ते माहीत नसलेला रंग काढतानाही कोरडा घासू नये. ओला करून पॉलिश पेपर मारावा आणि खाली प्लॅस्टिक अंथरावं.

आधी पाणी, मग रंग

सर्वांत स्वस्त आणि सर्वांत जास्त टाळलं जाणारं काम म्हणजे ग्रिल गोड्या पाण्याने धुणं. वर रंग दिला तरी आत अडकलेलं मीठ ओलावा ओढतच राहतं आणि काही महिन्यांत फोड येतात. धुऊन, पूर्ण वाळवून, त्याच दिवशी प्रायमर मारावा.

ऑक्टोबरच्या उन्हात काम उरकणं उत्तम. हिवाळ्यात करायचं तर सकाळी दव वाळल्यावर, दहानंतर सुरुवात करावी. नव्या जीआय पत्र्याला किंवा जाळीला साधा ऑइलपेंट थेट लावू नये. जस्ताशी त्याची प्रक्रिया होते आणि रंग सालीसारखा सुटतो. त्यासाठी एच प्रायमर मिळतो.

शेड कार्डावरच्या नखाएवढ्या चौकोनावरून रंग ठरवू नका. छोटा डबा आणून पत्र्याच्या तुकड्यावर फूटभर रंगवा आणि तो झाडांमागे उभा करून सकाळी, दुपारी चारला आणि दिवेलागणीला बघा. आवडला तर डब्याच्या झाकणावर छटेचा क्रमांक आणि तारीख लिहून पावशेर रंग बाजूला काढून ठेवा. मे महिन्यात, पाऊस येण्याआधी, नारिंगी ठिपके शोधायला कुंपणाभोवती एक फेरी मारायची आहे. तेव्हा तो लागेल.